गोबरगॅस की सिलिंडर?

चूल सोडायची, हे जाऊबाईंनी पक्कं केलंय. सासूबाईंचा धुराचा खोकला ऐकल्यावर दुसरा विचार नकोच.

धूर दोन्हींत नाही; भांड्यांची बुडंही काळी होत नाहीत. खर्चात मात्र फरक पडतो. सिलिंडरची 14.2 किलोची टाकी दर वेळी विकत घ्यायची, अन् हात आखडला की चूल पुन्हा पेटते. माझ्या मते खरा धोका हाच. गोबरगॅसला बांधकामाचा खर्च एकदाच, वर स्लरीचं, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेल्या शेणकाल्याचं, खत शेताला. शिवाय खनिज इंधन वाचतं. पण 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण, तेवढंच पाणी कालवायचं. थंडीत गॅसही मंदावतो.

गोठ्यात चार-पाच जनावरं, बारमाही पाणी आणि कालवायला माणूस असेल तर गोबरगॅस. एकच म्हैस असेल तर सिलिंडरच घ्या.