सिस्टर आणि मावशी एकमेकींचं ऐकतात, म्हणून हे केअर सेंटर चांगलं

बाबांना गोव्यात फोंड्याजवळच्या या केअर सेंटरमध्ये ठेवून बरेच महिने झाले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, जोडीला जुना मधुमेह. ओळखीचे लोक चौकशी करतात तेव्हा खोल्या कशा आहेत, जेवण कसं, महिन्याला किती, हेच विचारतात. त्याबद्दल पुढे लिहिते. पण इथल्या सिस्टर आणि अटेंडंट मावशी एकमेकींशी कशा वागतात, हे मला त्या सगळ्याहून मोठं वाटतं. अंथरुणावरच्या माणसाची तब्येत त्यावर अवलंबून असते, हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे.

याआधी बाबा दुसऱ्या एका ठिकाणी होते. नाव लिहीत नाही. इमारत देखणी, रिसेप्शनवर ताजी फुलं. तिथे बाबांच्या माकडहाडावर लाल चट्टा आला, पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात; तो सगळ्यांत आधी अंघोळ घालणाऱ्या मुलीला दिसला. अंग पुसणं, डायपर बदलणं तिच्याकडेच, त्यामुळे दिसणार तिलाच. बोटाने दाबलं तरी लाली जात नाही, असं तिने सिस्टरना सांगितलं. "तू तुझं काम कर" एवढंच उत्तर मिळालं, आणि पुढे तिने सांगायचंच सोडलं. जखम उघडी पडल्यावर आम्हाला फोन आला, त्यातही दोष त्या मुलीवर टाकलेला. बाबांना तिथून हलवताना तिनेच हे सगळं मला रडत सांगितलं. पलंगाला तक्ता लावलेला होता, दर दोन तासांनी कूस बदलल्याचा. नोंदी एका पेनने, एका दमात लिहिलेल्या. मी दुपारी गेले होते तर संध्याकाळचे रकानेही भरलेले!

म्हणून इथे आल्यावर मी सुरुवातीलाच मुद्दाम ड्युटी बदलायच्या वेळी जाऊन बसले. रात्रीच्या सिस्टर दिवसाच्या सिस्टरना ओव्हर देतात, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती सोपवतात, ते सगळीकडेच असतं. इथे दोन्ही पाळ्यांच्या मावशीही त्याच टेबलाशी उभ्या असतात आणि आधी त्या बोलतात. कोण किती जेवलं, कोणाला दोन दिवस संडास झाली नाही, कोणाची लघवी गढूळ दिसते, कोण रात्रभर बडबडत होतं. सिस्टर ते लिहून घेतात. मग त्या आपलं सांगतात. अमक्या आजोबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दाढी जपून करा. तमक्या आजींना नळीने फीड दिल्यावर लगेच आडवं करू नका, फीड उलटून फुप्फुसात जाईल. सूचनेबरोबर कारणही सांगतात, ते मला फार आवडलं. कारण कळलं की मावशी तीच गोष्ट दुसऱ्या पेशंटच्या बाबतीतही आपणहून पाळतात.

बाबांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे. एकदा सकाळी मी खोलीत असतानाच सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या. बाबांकडे असतात त्या मावशी वाळपईकडच्या. त्या लगेच म्हणाल्या, "सिस्टर, जरा रावा. रात्री बाबा अर्धंच जेवले, आता पेजही नको म्हणतात. आणि कपाळ बघा, घाम आलाय. हात गार लागतात." सिस्टर केरळच्या, वयाने मावशींपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी ट्रे तिथेच खाली ठेवला आणि बोटातून थेंब काढून साखर बघितली. ७० च्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी! त्या वेळी इन्सुलिन गेलं असतं तर साखर आणखी उतरून काय झालं असतं, ते मधुमेहाचा पेशंट घरात असलेल्यांना सांगायला नको. बाबांना गिळता येतं, त्यामुळे त्यांना बसतं करून चमच्याने साखरेचं पाणी दिलं. मावशींनी मान धरली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासली, डॉक्टरांना फोन केला आणि डोस त्यांच्या सांगण्याप्रमाणे बदलला. नंतर मी नोंदवही बघितली. त्यात सिस्टरनी लिहिलं होतं : जेवण कमी, घाम, हात गार, अटेंडंटने सांगितले. त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी मी या सेंटरला पैकीच्या पैकी गुण देईन.

सिस्टरांचं शिक्षण मोठं असतं, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. अटेंडंटकडे काही महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स, नाहीतर नुसता हातचा अनुभव. इन्सुलिन, ड्रेसिंग, कॅथेटर ही कामं सिस्टरांचीच, आणि इथे ती मावशींवर ढकलत नाहीत. एका रात्री सिस्टर दुसऱ्या मजल्यावर होत्या, तेव्हा एका पेशंटचे नातेवाईक मावशींना म्हणाले, "तुम्हाला येतं ना, द्या की इंजेक्शन." मावशींनी साफ नकार दिला. सकाळी त्या गृहस्थांनी तक्रार केली तर सिस्टर मावशींच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या.

खरा कस लागतो चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. गोव्यात चवथीला घराबाहेर कोण थांबतं? पेडणे, वाळपई, सांगे, सगळीकडच्या मावशींना गाठोडं बांधून आपल्या घरी जायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. इथे आधीपासून याद्या करतात. अर्ध्या मावशी पहिल्या दिवशी जातात, अर्ध्या नंतर. बाहेरच्या राज्यांतल्या सिस्टर त्या दिवसांत जादा थांबतात, आणि नाताळात मावशी त्यांची भरपाई करतात. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तर हेड सिस्टर स्वतः बाबांचं डायपर बदलत होत्या. लुळा उजवा हात आधी उचलून छातीवर घेतला, मग पाठीला आणि कमरेला आधार देऊन डाव्या कुशीवर वळवलं. वर सरकवताना समोरच्या बाजूच्या मावशी आणि त्या, दोघींनी मिळून चादरीसकट उचललं. ओढलं असतं तर पाठीची कातडी घासली असती. जुन्या जखमेची जागा दोघींनी वाकून बघितली. मोठ्या सिस्टरला हे काम करताना मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही.

आता उणिवा. रात्री दोन्ही मजल्यांना मिळून एकच सिस्टर असतात. मावशींची ड्युटी बारा तासांची, पहाटे त्यांचे चेहरे बघवत नाहीत. थकलेल्या माणसाचं लक्ष कितीही मनापासून काम केलं तरी निसटणारच. पगारही कमी असावेत, कारण शिकून तयार झालेल्या मावशी दुसरीकडे जातात आणि बाबांना पुन्हा नव्या हातांची सवय करावी लागते. डायपर आणि फिजिओथेरपीचं बिल वेगळं, ते आधी नीट विचारून घ्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड हॉस्पिटलच्या उपचारांसाठी, इथला महिन्याचा खर्च आपला आपल्यालाच करावा लागतो.

जेवण साधं आणि गरम. सकाळी पेज, दुपारी भात आणि मऊ भाजी, पथ्य नसेल त्यांना हुमण, म्हणजे माशांची आमटी. खोल्या स्वच्छ, पंखे चांगले.

कुठलंही सेंटर बघायला गेलात तर एक करा. सिस्टर समोर असताना अटेंडंटला विचारा, "या आजोबांना काल रात्री झोप लागली का?" ती सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघून गप्प राहते की सरळ उत्तर देते, ते पाहा. इथे मी विचारलं तेव्हा मावशींनी झोपेचं सगळं सांगितलं, आणि सिस्टरनी मध्ये न बोलता पेन उघडलं.

रात्रीसाठी दुसरी सिस्टर नेमा आणि मावशींची पाळी आठ तासांची करा, असं पत्र आम्ही काही कुटुंबांनी मिळून व्यवस्थापनाला दिलं आहे. त्यासाठी महिन्याचे पैसे थोडे वाढले तरी आमची तयारी आहे, हेही त्यात लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच कळवीन.