गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइड गोळ्या : औसा तालुक्यातील तीन एकर सोयाबीनवरचा अनुभव

2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले आणि अनेकांप्रमाणे आमच्यावरही दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी 2.5 टक्के मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारणाऱ्या विषाच्या गोळ्या वापरतो. माझे मत असे की औषध चांगले आहे, पण ते ज्या दिवशी पडते त्यावर त्याचा गुण ठरतो.

याचे कारण या प्राण्याच्या पैदाशीत आहे. प्रत्येक गोगलगायीच्या अंगी नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात. उन्हाळाभर शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून ती धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दगडांखाली निजून राहते आणि पावसाची ओल लागताच बाहेर पडते. मग साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी शंभराच्या वर संख्येने मऊ मातीत घालते आणि एक-दोन आठवड्यांत त्यांतून पिल्ले निघतात. गोळीचा परिणाम अंड्यांवर होत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर, अंडी पडण्याआधी, गोळ्या टाकल्या तरच पैसा सार्थकी लागतो.

पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हते. दुकानदाराने कोंब खाल्ले गेल्यावर गोळ्या दिल्या आणि सकाळी फेकायला सांगितल्या. गोगलगायी फिरतात रात्री, आणि त्याच दुपारच्या पावसात गोळ्या फुगून विरल्या. आता मी शिफारशीप्रमाणे एकरी 2 किलो गोळ्या, पाऊस उघडलेला पाहून, दिवस मावळताना धुऱ्यालगत आणि पिकाच्या ओळींमध्ये विरळ टाकतो. गोळी खाल्लेल्या गोगलगायीच्या अंगातून चिकट स्राव वाहून जातो आणि ती सुकून मरते. हवा दमट राहिली तर काही पुन्हा सावरतात, म्हणून सकाळी त्या हातमोजे घालून वेचाव्याच लागतात.

या औषधाचा मोठा दोष म्हणजे ते कुत्र्यांना ओढून घेते. दुसऱ्या वर्षी आमच्या राखणीच्या कुत्र्याने सांडलेल्या गोळ्या खाल्ल्या, त्याला झटके येऊ लागले आणि पशुवैद्यांच्या धावपळीने तो कसाबसा वाचला. या विषावर खास उतारा नाही. पक्षी व वन्यजीवांना होणाऱ्या धोक्यामुळे ब्रिटनने 31 मार्च 2022 नंतर उघड्यावरील वापर बंद केला, ही गोष्ट पाकीट हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

त्यामुळे मी आधी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी धुऱ्यावर अंथरतो, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि गोळ्या त्यानंतर, उरलेल्यांपुरत्याच वापरतो. यंदा शेजारच्या दोन्ही धुरकऱ्यांनी त्याच संध्याकाळी गोणपाटे टाकली आणि माझ्या तीन एकरांना सहाऐवजी दोनच किलो गोळ्या पुरल्या.