पोलो जीटीचे ब्रेक पॅड : एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम काढल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना सगळं वाचत बसायला नको. माझ्या पोलो जीटी टीएसआयला पुढे लो-मेटॅलिक प्रकारचे (कमी धातू असलेले), आर९० या युरोपातल्या नियमाचा शिक्का असलेले पॅड टाकले आणि त्याच दिवशी ब्रेक ऑइलही बदललं. घाट उतरताना पहिल्या वळणाला गाडी जशी थांबते, तशीच आता शेवटच्या वळणालाही थांबते. चाकं मात्र आठवडाभरात काळीकुट्ट होतात आणि सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला कुरकुर ऐकू येते. पैसे वसूल झाले का? झाले. पुण्यात रोज सिग्नल-सिग्नल करत ऑफिसला जाणाऱ्याला हेच घे म्हणून सांगेन का? नाही सांगणार.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की चर्चा नावाभोवतीच फिरते. शिवाय एकाच कंपनीच्या दोन गाड्यांसाठीच्या पॅडमध्ये कंपाउंड, म्हणजे घासणाऱ्या मटेरियलचं मिश्रण, वेगळं असू शकतं, त्यामुळे मला लाभलेली कंपनी तुमच्या गाडीला लाभेलच असं नाही. प्रकार बघा, शिक्का बघा.

गाडीबद्दल थोडक्यात. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढे डिस्क, मागे ड्रम. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली, तेव्हापासून या गाडीच्या पार्टसाठी शोधाशोध थोडी वाढली आहे, पण पॅडच्या बाबतीत अजून हाल नाहीत. माझा वापर रोज घर ते एमआयडीसी, आणि बऱ्याच रविवारी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीकडे, कारण सासरवाडी तिकडे. म्हणजे जातानाही उतार, येतानाही उतार.

या उताराचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर, कास पठार १२०० मीटरच्या आसपास. माणसं आणि सामान धरून तेराशे किलोची गाडी साडेचारशे मीटर खाली आणायची, म्हणजे जवळजवळ ५७ लाख ज्यूल ऊर्जा. विजेच्या हिशोबात दीड युनिटाच्या वर. ही सगळी कुठेतरी जिरायला हवी. काही वारा खातो, काही टायर आणि इंजिन खातं, आणि उरते त्यातली बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर उष्णता होऊन येते, कारण ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं आणि पुढची चाकंच जास्त काम करतात. डीएसजी ‘डी’ मध्ये ठेवून उतरलात तर गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायच्या नादात वरचा गिअर टाकतो आणि इंजिनाची ओढ जवळपास मिळतच नाही. हात घालून दुसरा-तिसरा गिअर धरला तर पॅडवरचा निम्मा त्रास तिथेच संपतो. हे कुठल्याही पॅडच्या बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

माझ्या आधीच्या पॅडची तक्रार काय होती? शहरात काहीच नाही. मऊ, शांत, धूळ नाही, सगळं छान. पण बामणोलीच्या बाजूला उतरताना शेवटच्या टप्प्यात पॅडल टणक लागायचं आणि गाडी मात्र पुढे सरकत राहायची. अंगणात गाडी लावली की सासरे म्हणायचे, “जावईबापू, काहीतरी जळतंय बघा.” जळत होतं ते पॅडमधलं रेझिन, म्हणजे पॅडचं मटेरियल बांधून ठेवणारा चिकट पदार्थ. पॅड फार तापला की रेझिनमधून वायू निघतो, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर बसतो आणि पकड सुटते. याला फेड म्हणतात.

इथे एक फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा, कारण गॅरेजमध्ये दोन्हीला सरसकट ‘ब्रेक लागत नाहीत’ असंच म्हणतात. पॅडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पॅडल मऊ होऊन खाली खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळतंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ती किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडे चार महिने ढगात आणि धुक्यात गाडी फिरते. दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात त्यात कंपनीचा डाव वगैरे काही नाही. महागाचे पॅड टाकून जुनं ऑइल तसंच ठेवणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

आता निवडीकडे. ‘स्पोर्टी गाडी आहे ना, मग रेसिंगचे पॅड टाक’ हा सल्ला मला कमीत कमी डझनभर लोकांनी दिला असेल, आणि त्यातले बरेचसे एसयूव्ही चालवतात. शर्यतीच्या पॅडना उष्णता लागते. ते तापल्यावरच नीट पकडतात. जानेवारीत सकाळी सातला पोवई नाक्यावर कुणी अचानक आडवं आलं तर तिथे पॅड तापवायला वेळ कोण देणार? शर्यतीचे आणि रस्त्याचे यांच्यामधले ‘फास्ट रोड’ प्रकारचे चांगले पॅडही मिळतात. ईबीसीची ग्रीनस्टफ, रेडस्टफ, यलोस्टफ ही रंगांची मालिका किंवा फेरोडोचे डीएस२५०० ही नावं तुम्ही ऐकली असतील. मी तिकडे गेलो नाही, कारण माझं गाऱ्हाणं गाडी जोरात थांबत नाही हे नव्हतंच. जोरात ब्रेक मारला की एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आधीही कामाला लागत होतं. एबीएस लागलं याचा अर्थ पकड टायरची संपली, पॅडची नाही. तिथे आणखी जहाल पॅड टाकून थांबायचं अंतर कमी होत नाही, ते चांगल्या टायरने होतं. पॅड बदलून मिळतं ते दुसरंच: गरम झाल्यावरही तीच पकड, आणि पायाला येणारा भरवसा.

मग राहिले तीन प्रकार. सिरॅमिक शांत, धूळ कमी आणि फिकट, अलॉय चकाचक. पण पहिला चावा, म्हणजे पाय ठेवताक्षणी मिळणारी पकड, सौम्य, आणि मला घाटात तो ठाम हवा होता. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचं प्रमाण ढोबळमानाने तीस ते पासष्ट टक्के. उष्णता सहन करतात, पण डिस्कही खातात आणि आवाजही करतात. लो-मेटॅलिकमध्ये धातू साधारण दहा ते तीस टक्के, म्हणजे चावा चांगला, उष्णतेला बऱ्यापैकी दम, बदल्यात धूळ. युरोपातल्या बऱ्याच गाड्या कारखान्यातूनच असे पॅड घेऊन येतात. त्या गाड्यांची पुढची चाकं मागच्यापेक्षा काळी का दिसतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

शिक्क्याबद्दल. आर९० हा युरोपातला नियम आहे. त्यात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपासून १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. पॅडच्या पत्र्यावर गोलातला ‘ई’ आणि शेजारी देशाचा आकडा दिसतो, ई१ म्हणजे जर्मनी, ई११ म्हणजे ब्रिटन, आणि पुढे ९०आर ने सुरू होणारा नंबर. याशिवाय काही पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंडपणीच्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे त्याच्या वर ०.५५ पर्यंत. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटवाल्यांनी तो बॉक्स काउंटरवरच परत ठेवावा. माझ्या पॅडवर एफएफ आहे. आकर्षक काही नाही, पण थंड-गरम सारखंच, आणि मला तेवढंच हवं होतं.

दुकानात मागणी करताना चॅसी नंबर द्या. नुसतं ‘पोलोचे पॅड’ म्हणालात तर हातात पडेल ते तुमच्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसेलच असं नाही. किंमत म्हणाल तर शोरूममधल्या ओरिजिनलपेक्षा थोडी कमी आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या लोकल पॅडच्या तिपटीच्या आसपास पडली.

बसवण्याचा भाग माझ्या आवडीचा, कारण माझी रोजीरोटी मशीन शॉपमधली. मेस्त्रींनी चाक काढलं आणि पहिलंच वाक्य, “साहेब, डिस्कला एक टर्निंग मारून घेऊ.” मी म्हटलं, “थांबा, आधी मोजू.” टर्निंग म्हणजे लेथवर डिस्कचा वरचा थर काढणं, त्यात जाडी कमी होते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजली तर अजून मार्जिन होतं, पण टर्निंगमध्ये घालवण्याइतकं नव्हतं. मग डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते, ते बघितलं, ते ठीक निघालं. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं लगेच जाहीर होतं. खरं तर बऱ्याच वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडचं मटेरियल कुठे जास्त, कुठे कमी चिकटलेलं असतं, आणि जाडीतला तो बारीक फरक पायाला जाणवतो. आम्ही डिस्क बारीक पॉलिश पेपरने नुसती साफ केली, ब्रेक क्लीनरने पुसली, विषय संपला.

मेस्त्रींचा हात चांगला आहे, पण दोन गोष्टी मी उभं राहून करून घेतल्या. कॅलिपरच्या पिना काढून, पुसून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावलं, चाकाचं साधं ग्रीस नाही. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि मग आतला पॅड संपतो, बाहेरचा तसाच राहतो. दुसरं, पिस्टन मागे ढकलताना ऑइल टाकीतून वर येतं, त्यावर लक्ष ठेवलं. ते रंगावर सांडलं तर रंग उडालाच समजा.

यानंतर बेडिंग. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसायला हवा, त्यासाठी हा खटाटोप. पहाटे मेढ्याच्या रस्त्याला गेलो, मागेपुढे कुणी नाही बघून साठच्या वेगावरून मध्यम दाबाने पंधरापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं अनेकदा केलं. मग ब्रेकला फार हात न लावता गाडी निवांत चालवून थंड केली. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे तीच थरथर. पहिल्या काही दिवसांत थोडा वास येतो, तो रेझिन पक्कं होण्याचा. सासऱ्यांना तेव्हा समजावून सांगावं लागलं.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. कासच्या रस्त्यावर पाणी, धुकं आणि जांभ्याची तांबडी माती. मातीतले बारीक खडे पॅडमध्ये अडकतात आणि डिस्कवर रेघा पडतात. माझ्या डाव्या डिस्कवर दोन स्पष्ट रेघा आहेत, नख फिरवलं तर लागतात. याचा दोष मी पॅडला देत नाही, रस्ताच तसा आहे. ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक किंचित उशिरा पकडतो, म्हणून सततच्या पावसात मधून मधून पॅडल हलकं दाबून डिस्क कोरडी करत जायची सवय लावली आहे. रात्रभर पावसात गाडी उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो. सकाळची ती कुरकुर मुख्यतः त्याचीच, दोन ब्रेकमध्ये जाते. कोरड्या दिवसांत मात्र अगदी हळू, पार्किंगमध्ये गाडी लावताना, एक बारीक चीं आवाज राहिलाच आहे. शिमवर (पॅडच्या पाठीमागचा पातळ पत्रा) पेस्ट लावून थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. ज्याला आवाजाची चीड आहे त्याने हा प्रकार घेऊ नये.

उसाच्या हंगामात वेगळाच अनुभव. अंधारात दिवा नसलेली, रिफ्लेक्टर पुसट झालेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तेव्हा फेड वगैरे काही नसतं, थंड पॅडने पहिल्या क्षणाला काय दिलं एवढंच उरतं. कोरेगावच्या बाजूला एकदा तशी वेळ आली. एबीएसची थरथर पायाला जाणवली, गाडी सरळ रेषेत थांबली, मागच्या सीटवरची पिशवी पुढे आली. जुन्या पॅडवरही बहुधा थांबली असती. पण पॅडलवर पाय पडताक्षणी जी पकड मिळाली ती मला जास्त आवडली.

धुळीबद्दल घरून रोज ऐकतो. “अहो, ती चाकं धुता की रंग द्यायचा एकदाचा काळा?” हा प्रश्न रास्त आहे. धूळ बसू दिली आणि त्यावर पाणी पडलं तर लोखंडाचे कण अलॉयच्या पॉलिशमध्ये रुततात, म्हणून आठवड्याला साध्या शाम्पूच्या पाण्याने धुतो. अॅसिडवालं क्लीनर वापरत नाही.

परवा चाकं काढून मोजलं तेव्हा पॅडचं जवळपास दोन तृतीयांश मटेरियल शिल्लक होतं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त झिजलाय, एका पिस्टनच्या तरंगत्या कॅलिपरमध्ये एवढं चालतं. दोन-तीन मिलिमीटर उरले की बदलायचे, आणि तेव्हा डिस्कही नवीन घेणार, कारण त्या रेघांसकट जुनी डिस्क किमान जाडीच्या फार जवळ आलेली असेल. मागच्या ड्रममधले शू अजून कारखान्यातलेच आहेत. हँडब्रेक पूर्वीपेक्षा एक दात जास्त वर येतोय, तेव्हा दिवाळीच्या आत मागचे ड्रम उघडून घेणार आहे.