ठरवून भेटायचं की ठरल्या वेळी?

शहर बदललं की पहिले दोन महिने घर लावण्यात निघून जातात. तिसऱ्या महिन्यात एखाद्या रविवारी संध्याकाळी लक्षात येतं, की शुक्रवारी ऑफिसातून निघाल्यापासून आपण कुणाशी धड बोललेलोच नाही. मग शोधाशोध सुरू होते. मार्ग सगळ्यांना माहीत असलेलेच आहेत: ऑफिस, शेजार, मित्र जुळवून देणारी ॲपं, नाहीतर खेळाची, गाण्याची किंवा भाषेची एखादी रोजची किंवा आठवड्याची बॅच. मी हे सगळं करून पाहिलंय, तेही छत्तिसाव्या वर्षी आणि मुळात बुजऱ्या स्वभावानं. तेव्हा पुढचं सगळं एका बुजऱ्या माणसाचं मत समजून वाचा.

ऑफिस आणि शेजार आधी उरकतो. ऑफिसात माणसं चांगली भेटतात, पण गप्पा फिरून कामावर येतात आणि एकानं नोकरी सोडली की महिन्याभरात निरोपसुद्धा बंद होतात. शेजाराचं म्हणाल तर तो नशिबाचा भाग आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक जुना अभ्यास आहे, 1950 साली प्रसिद्ध झालेला. त्यात एकाच मजल्यावरच्या लोकांपैकी अगदी लागून राहणाऱ्यांनी एकमेकांना जवळचं म्हटल्याचं प्रमाण 41 टक्के होतं, एक दार सोडून राहणाऱ्यांचं 22 आणि मजल्याच्या दोन टोकांना असलेल्यांचं फक्त 10. म्हणजे मैत्री स्वभावापेक्षा जिन्यावर जास्त अवलंबून! माझ्या लागूनच्या फ्लॅटला मी राहायला गेलो तेव्हा कुलूप होतं आणि सोडलं तेव्हाही होतं. विषय संपला.

खरी निवड उरते ती ॲप आणि बॅच यांच्यात.

ॲपची बाजू आधी मांडतो, कारण ती हल्ली उगाच वाईट ठरवली जाते. तिथं आलेल्या प्रत्येकाला मित्र हवा असतो आणि तसं कबूल करायला तो लाजत नाही. ही फार मोठी सोय आहे. बॅचमध्ये हे कुणी बोलत नाही. सगळे जण खेळायला, गायला किंवा भाषा शिकायला आल्याचं सोंग आणतात. शिवाय आवडीची माणसं नेमकी सापडतात. मला जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करायचा नाद आहे आणि त्यावर दीड तास बोलणारा माणूस मला ॲपवरच भेटला. पहिली भेट इतकी छान झाली, की घरी येताना मी वाटेत शीळ वाजवत होतो.

दुसरी भेट व्हायला अकरा आठवडे लागले.

माझं घोडं इथंच अडलं. भांडण नाही, फसवणूक नाही, सगळी माणसं सज्जन. पण ॲपवरच्या मैत्रीत प्रत्येक भेट नव्यानं ठरवावी लागते. ‘या शनिवारी जमेल?’ ‘या शनिवारी जरा अवघड आहे, पुढच्या?’ ‘पुढच्या नक्की!’ आणि पुढच्या शुक्रवारी रात्री साडेदहाला ‘अरे सॉरी, घरी पाहुणे आलेत.’ त्यावर आपण हसरा चेहरा पाठवायचा. असं एकाशी झालं तर चालतं, मी एका वेळी चौघांशी करत होतो. वर प्रश्न असा, की तिसऱ्यांदा विचारलं तर आपण गळेपडू वाटू का? न विचारावं तर त्याला वाटणार, याला रस नाही. एका महिन्यात मी मोजलं नाही, पण भेटण्यापेक्षा भेट ठरवण्यात माझा वेळ नक्कीच जास्त गेला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोघांना मीही ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं लिहून विसरलोय.

ॲपवरून होणाऱ्या सामूहिक भेटींत ठरवण्याची कटकट नसते, पण तिथं दर वेळी वेगळी माणसं. ‘तुम्ही काय करता? इथं कधी आलात?’ पाचव्यांदा स्वतःची ओळख करून देताना मला माझाच कंटाळा आला.

आता बॅच. मी बॅडमिंटन निवडलं, खेळता येत होतं म्हणून नव्हे, तर कोर्ट घरापासून सात मिनिटांवर होतं म्हणून. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा. खरं सांगतो, पहिले दीड महिने वाईट गेले. बाकीचे आठ-नऊ जण एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यांचे विनोद जुने होते आणि माझी सर्व्हिस नेटमध्ये जात होती. बोलणं काय, तर ‘चांगला शॉट’ आणि ‘आउट होती का?’ त्या वेळी कुणी विचारलं असतं, तर मी ॲपच चांगलं म्हणालो असतो.

मग एका बुधवारी मी अंथरुणातच लोळत होतो. सात वाजायला वीस मिनिटं असताना फोन आला: ‘येतोयस ना? तिघंच आहोत.’ ती आपुलकी नव्हती, अडचण होती. डबल्सला चौथा गडी हवा होता. पण नव्या शहरात माझ्यावाचून कुणाचं काही अडलंय, असं पहिल्यांदाच झालं होतं. मी दात न घासता गेलो.

त्यानंतर महिन्याभरात त्यांच्यातल्या एकाला जुनं कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवायला हात हवा होता. कोर्टाबाहेरची आमची पहिली भेट ती. बॅचमध्येही कुणीतरी कधीतरी असं बाहेर बोलवावंच लागतं, ते आपोआप होत नाही. फरक एवढाच, की नकार आला तरी बुधवारी पुन्हा तोंड दिसणारच असतं, त्यामुळे विचारायची भीती वाटत नाही.

तासांचा हिशेबही बॅचच्या बाजूनं जातो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नुकत्याच नव्या जागी राहायला गेलेल्या लोकांना विचारून 2018 मध्ये काही अंदाज मांडले: ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मित्र म्हणण्याइतकं व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक. हे ढोबळ आकडे आहेत, त्यावर घड्याळ लावू नये. (एकत्र काम करण्यात गेलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत, असंही त्यांना आढळलं. माझा ऑफिसचा अनुभव तोच.) आठवड्याला तीन तास धरले तर 50 तास चार महिन्यांत भरतात. महिन्यातून एकदा, तीन तास भेटलात तर जवळजवळ दीड वर्ष लागतं आणि त्या दीड वर्षात ‘अरे सॉरी’ किती वेळा येईल ते वेगळंच.

तरीही सगळ्यांना बॅचच घ्या असं म्हणणार नाही. कामाच्या पाळ्या बदलत असणाऱ्यांना ठरलेली वेळ पाळता येत नाही. सहा महिन्यांसाठीच आलेल्याला तो दीड महिना परवडत नाही. ज्याला मुळात ठरवाठरवी आवडते, दहा जणांना फोन करून गोळा करण्यात मजा येते, त्यानं खुशाल ॲप घ्यावं. बाकीच्यांचं भलंच होईल. आणि कॅमेऱ्यांवर बोलायला मला बॅचमध्ये अजून कुणी मिळालेलं नाही, हेही कबूल करतो.

बॅच घेणार असाल तर घराजवळची घ्या, चांगली असण्यापेक्षा जवळची असणं महत्त्वाचं. माणसं डझनभराच्या आत असावीत. कधीही या, कधीही जा असला प्रकार टाळा, तिथं चेहरे टिकत नाहीत. पैसे तीन महिन्यांचे एकदम भरा, म्हणजे पाचव्या आठवड्यात पळून जायची इच्छा झाली तरी जीव कळवळेल. जिथं तुमच्यावाचून काही अडेल असं काही मिळालं तर उत्तम: डबल्स, समूहगान, नाटकाची तालीम. जिममध्ये शेजारच्या ट्रेडमिलवाल्याचं तुमच्यावाचून काही अडत नाही.

ॲप माझ्या फोनमध्ये अजून आहे. मागच्या महिन्यात त्या कॅमेरेवाल्याचा मेसेज आला, ‘खूप दिवस झाले, भेटू या एकदा?’ मी त्याला कोर्टाचा पत्ता आणि बॅचची वेळ पाठवली. त्यानं हसरा चेहरा पाठवलाय.