दोष सुईचा, पैसे शटलचे : दारावर येणाऱ्या शिलाई मशीन दुरुस्तीवाल्याचा अनुभव

गेल्या श्रावणात घरी आलेल्या एका शिलाई मशीन दुरुस्तीवाल्याने माझी २,१०० रुपयांना फसवणूक केली. अस्तराच्या एका ब्लाउजचे मी ३०० रुपये घेते, म्हणजे सात ब्लाउजांची मजुरी त्याने तासाभरात नेली. मशीनचे मूळ शटल, म्हणजे वरचा दोरा पकडून टाका घालणारा आतला भाग, आणि खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते ती केस गेली ती वेगळीच. गौरी-गणपतीच्या आधी, जेव्हा घरोघरी शिवणाऱ्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, नेमकी तीच वेळ ही माणसे साधतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि चौदा वर्षे घरीच ब्लाउज आणि परकर-पोलकी शिवते. मशीन सासूबाईंचे, काळे, पायाने चालवायचे. सासूबाई पूर्वी शुक्रवार पेठेतील जुन्या घरी राहत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी त्या घरात शिरले आणि हे मशीन पाच दिवस पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर लक्ष्मीपुरीतील एका वयस्कर मिस्त्रींनी ते संपूर्ण उघडले, चिखल धुऊन काढला, भाग रॉकेलमध्ये भिजत घालून गंज आणि चिकट झालेले जुने तेल सोडवले, कोरडे पुसून प्रत्येक सांध्यात नवे तेल सोडले आणि फक्त चामड्याचा पट्टा व दोऱ्याच्या टेन्शनची स्प्रिंग बदलली. शटल, बॉबिन केस, दाते, सुई जिला लावतात ती दांडी, सगळे मूळचेच राहिले आणि मशीन पूर्ववत चालू लागले. हे सांगण्याचे कारण असे, की महापुरातून तरलेले ते शटल पुढे एका अनोळखी माणसाने दोन मिनिटांत ‘झिजलेले’ ठरवले आणि मी ते मान्य केले.

झाले असे, की एका ब्लाउजच्या हूकपट्टीवर शिवताना सुई मोडली. घरातल्या सुया संपल्या होत्या, म्हणून मुलाला महाद्वार रोडला पाठवून १४ नंबरच्या सुयांचे पाकीट आणवले. नवी सुई बसवली आणि त्याच दुपारपासून टाके सुटू लागले. पाच-सहा टाके नीट पडत, मग एक लांबच लांब टाका, आणि ओढून पाहिले की टीप उसवे. रेशमी कापडावर तर चार बोटांची शिलाईसुद्धा सलग पडेना. मी दोरा पुन्हा ओवला, बॉबिन बदलली, पट्टीखालचा कापसाचा मळ ब्रशने काढला, तेल घातले. सगळे केले, परंतु नुकतीच बसवलेली सुई चुकीची असेल ही शंका मला शिवलीही नाही, कारण नंबर बरोबर होता आणि सुई कोरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत ‘शिलाई मशीन रिपेअर’ अशी हाळी ऐकू आली आणि मी त्याला हाक मारली. त्याने हाताने चाक फिरवले, पट्टी सरकवली, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि शटल काढून तेलकट तळहातावर माझ्यासमोर धरले. “वहिनी, शटल झिजलंय बघा. नोक बोथट झाल्या की. टायमिंगबी गेलंय तुमचं.” शटलची नोक मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. टोकदार नोक कशी दिसते हेच ठाऊक नसल्यावर बोथट कशी ओळखणार? मी मान डोलावली. मग त्याने मला एक जुने सुती फडके आणि वाटीभर पाणी आणायला सांगितले. मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा नवे शटल आणि नवी बॉबिन केस बसलेली होती आणि तो पट्टा थोडा कापून पुन्हा क्लिपने जोडत होता. पावसाळ्यात चामडी पट्टा सैल पडतोच, ते काम खरे होते. त्याने माझ्याच रेशमी तुकड्यावर टीप मारून दाखवली. एकही टाका सुटला नाही. शटलचे ८५०, बॉबिन केसचे ३५०, टायमिंगचे ५००, तेलपाण्याचे ३०० आणि पट्ट्याचे १०० असा हिशोब त्याने तोंडी सांगितला. मी आनंदाने पैसे दिले. जुने भाग त्याने स्वतःच्या पिशवीत टाकले. “ठेवून काय करताय वहिनी, भंगार ते,” असे तो म्हणाला आणि मी अडवले नाही. पावती मागितली नाही, नाव विचारले नाही.

बावीस दिवस मशीन चालले. नंतर खालून खडखड आवाज येऊ लागला, दोऱ्याचे गुंते अडकू लागले, आणि बॉबिन केसचा छोटा स्क्रू कितीही आवळला तरी संध्याकाळपर्यंत सैल होऊ लागला. शेवटी मशीनचे हेड रिक्षात घालून मी लक्ष्मीपुरीला त्याच जुन्या मिस्त्रींकडे गेले. हे मी आधीच करायला हवे होते. परंतु कामाच्या गर्दीत अर्धा दिवस मोडेल, या हिशोबाने मी घरी आलेल्या माणसावर विसंबले.

मिस्त्रींनी शटल पाहण्याआधी मला विचारले, “वहिनी, टाके सुटायला लागले त्याच्या आधी सुई बदलली होती का?” मी पर्समधले पाकीट काढून दिले. त्यांनी पाकिटातली एक सुई आणि मशीनमध्ये बसलेली सुई काढून दोन्ही तळहातावर शेजारी ठेवल्या. पाकिटातल्या सुईचा वरचा जाड भाग, ज्याला दांडा म्हणतात, तो पूर्ण गोल होता. मशीनमधल्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट होता. म्हणजे ती सुई माझ्या पाकिटातली नव्हतीच. मी फडके आणायला आत गेले तेवढ्या वेळात त्या माणसाने माझी चुकीची सुई काढून आपल्याजवळची बरोबर सुई बसवली होती. दोष काय आहे हे त्याला पहिल्याच क्षणी कळले होते. पाच-सहा रुपयांच्या सुईने काम झाले होते आणि ते झाकण्यासाठी त्याने चांगले शटल काढून घेतले.

मिस्त्रींनी ते बोलून न सोडता करून दाखवले. आधी नवे शटल काढले. त्याच्यावरचा चकचकीत मुलामा नोकेपाशी उडून खरखरीत झाला होता आणि त्यावर कोणत्याही कंपनीचा ठसा नव्हता. त्यांनी आपल्या डब्यातले एक जुने, वापरलेले, परंतु अस्सल शटल बसवले. मग गोल दांड्याची सुई लावून टीप मारली, तर टाके सुटले. सपाट दांड्याची लावली, तर टीप सलग पडली. पुन्हा गोल, पुन्हा सपाट. ती चारही ओळींची पांढरी पट्टी मी जपून ठेवली आहे. टायमिंगचे ५०० रुपये तर निव्वळ हवेतले होते. टायमिंग म्हणजे सुई आणि शटल यांचा मेळ. या मशीनमध्ये तो लावायला सुई जिला लावतात त्या दांडीची उंची बदलायची असेल तर डावीकडचे तोंडावरचे झाकण उघडावे लागते, आणि त्या झाकणाच्या स्क्रूच्या खाचेत तेल व मळ वाळून घट्ट बसलेला होता. त्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लागलेलाच नव्हता.

सुईच्या दांड्याने एवढा फरक का पडतो, हे समजून घेतले असते तर मी फसले नसते. सुई कापडातून खाली जाऊन पुन्हा वर निघते, तेव्हा तिच्या एका अंगाला दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, आणि त्याच क्षणी शटलची नोक सुईला अगदी खेटून जात तो फास उचलते व खालच्या दोऱ्याभोवती फिरवते. याने एक टाका होतो. सुई आणि नोक यांच्यात अंतर कागदाच्या जाडीइतकेच असावे लागते. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो तो याचसाठी, की सुई दरवेळी एकाच दिशेने आणि ठरलेल्या जागी बसावी. कारखान्यातल्या मशीनची गोल सुई आमच्या मशीनच्या खोबणीत शिरते खरी, पण तिचा दांडा बारीक असतो, तिला सपाट बाजूचा आधार नसतो, आणि ती जरा फिरलेली किंवा नोकेपासून जरा लांब राहते. मग फास कधी सापडतो, कधी हुकतो. पाकिटावर हे लिहिलेलेही असते. घरगुती सुईवर ‘एचए × १’ किंवा ‘१५ × १’ आणि कारखान्याच्या सुईवर ‘डीबी × १’. १४ हा आकडा दोन्हींवर सापडतो, कारण तो फक्त जाडी सांगतो. मी मुलाला फक्त जाडीचा नंबर सांगून पाठवले होते.

बाजारात नकली शटल इतक्या सहज मिळण्यालाही कारण आहे. आपल्याकडची बहुतेक काळी मशीन सिंगरच्या ‘क्लास १५’ नावाच्या जुन्या बांधणीवर बनलेली असल्याने एका मशीनची बॉबिन आणि केस दुसऱ्यात चालून जाते. दुरुस्तीसाठी ही मोठी सोय आहे, आणि अस्सल भाग काढून हलका भाग बसवणाऱ्याचीही तीच सोय होते.

म्हणून टाके सुटू लागले, की कोणाला हाक मारण्याआधी स्वतः सुई बदलून पाहा. दांड्याची सपाट बाजू आपल्या मशीनला हवी तिकडे करून, सुई खोबणीत शेवटपर्यंत वर ढकलून मगच स्क्रू आवळा. दोरा सुईच्या लांब खाचेच्या बाजूने ओवा. खालून दोऱ्याची वेटोळी पडत असतील तर बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा फूट वर उचलून दोरा ओवला तर तो बसतो, कारण फूट वर असताना चकत्या सैल सुटतात. बॉबिन केस दोऱ्याला लटकवून पाहा. ती जागेवर राहिली पाहिजे आणि हलका हिसका दिल्यावर थोडीशी खाली आली पाहिजे. एवढे करूनही दोष राहिला तरच मिस्त्री गाठा, आणि तो काम करीत असताना मशीनजवळून उठू नका, पाणी मागितले तरीही. नवा भाग बसवण्याआधी जुन्या भागाचा फोटो काढा, काढलेला भाग आपल्या ताब्यात ठेवा. त्यानेच बसवलेल्या सुईवर विश्वास न ठेवता जुना भाग आणि नवी सुई अशी टीप मारून दाखवायला सांगा. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही. लक्ष्मीपुरीच्या मिस्त्रींनी माझ्याकडून शटल, केस आणि मजुरी मिळून ४५० रुपये घेतले आणि न मागता पावती दिली.

पावतीचे महत्त्व मला नंतर कळले. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. परंतु तक्रार कोणाविरुद्ध करायची? माझ्याजवळ ना नाव होते, ना पत्ता, ना कागदाचा चिटोरा.

हा प्रकार भिशीत सांगितल्यावर आमच्याच गल्लीतल्या दोघी बोलल्या. एकीचे शटल माझ्यासारखेच ‘झिजले’ होते. दुसरीला त्याच आठवड्यात आलेल्या एकाने, तोच की दुसरा हे तिला सांगता येत नाही, मशीन पूर्ण खोलावे लागेल असे सांगून १,००० रुपये आगाऊ घेतले आणि हेड पिशवीत घालून नेले. तिच्याकडे आता लोखंडी स्टँड आणि रिकामी फळी आहे. मुलांच्या शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवते. दुपारी दोन ते पाच ती माझ्या मशीनवर बसते, आणि येताना सुयांचे पाकीट स्वतःचे आणते.