ब्लोहोल शोधणारा कॅमेरा: शिरोलीतल्या मशिन शॉपमध्ये आठ महिन्यांनंतर

काम एकच: मशिनिंग झालेल्या ग्रे आयर्न (ओतीव लोखंड) कव्हरच्या सीलिंग फेसवरचे, म्हणजे गळती रोखणाऱ्या सपाट पृष्ठभागावरचे, ब्लोहोल (ओतकामात वायू अडकून झालेली छिद्रं) शोधणं. यंत्रणा एका इंजिनिअरिंग कॉलेजसोबत उभारलेली.

कॅमेरा ५ मेगापिक्सेल, मोनोक्रोम, ग्लोबल शटर (पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा). रुंदीत २४४८ पिक्सेल आणि फेस १२० मिमी, म्हणजे पिक्सेलला साधारण ०.०५ मिमी. अर्ध्या मिमीच्या छिद्राला दहा पिक्सेल मिळतात, तेवढे पुरतात. ०.१५ मिमीला तीनच मिळतील; तिथं सॉफ्टवेअर कितीही बदला, लेन्सच बदलावी लागेल. कन्व्हेयर सेकंदाला १०० मिमी आणि एक्स्पोजर अर्धा मिलिसेकंद ठेवला तर प्रतिमा पिक्सेलभरच पुसट होते.

खरी लढाई प्रकाशाची. तिरप्या रिंग लाइटमध्ये (गोल कड्यासारखा दिवा) कटरच्या रेषा चमकतात आणि छिद्रं त्यात हरवतात. डोम लाइट (घुमटातून सगळ्या बाजूंनी मऊ प्रकाश देणारा दिवा) लावल्यावर फेस एकसारखा उजळ दिसतो, छिद्र काळं उठून येतं. लाल एलईडी घ्या, लेन्सवर त्याच रंगाचा फिल्टर लावा. शेडमधलं ऊन फारसं आड येत नाही. पावसाळ्यात जॉबवर (मशिनिंगच्या नगावर) तासाभरात तांबूस गंज चढतो, तोही लाल प्रकाशात फिका पडतो. निळ्यात तोच गंज काळा दिसून चांगला माल रिजेक्ट होतो.

कूलंटचा (मशिनिंगवेळी सोडलेल्या थंड द्रवाचा) थेंबही काळाच दिसतो, आणि छिद्रात बसलेली चिप (धातूचा कीस) छिद्र झाकते. म्हणून कॅमेऱ्याआधी धुणं आणि कोरडी हवा मारणं टाळू नका.

कॉलेजच्या मुलांनी प्रोग्रॅम चांगला लिहिला, पण तो ज्यांवरून शिकतो त्या फोटोंवर खुणा करताना तेलाचे डाग छिद्र म्हणून नोंदवले गेले. खुणा शॉपमधल्या दोन इन्स्पेक्टरांनी वेगवेगळ्या कराव्यात. मतभेद होतील ते जॉब लिमिट सॅम्पल (चांगलं-वाईट यांच्या सीमेवरचा नमुना) म्हणून कपाटात ठेवावेत. चाचणीचे फोटो वेगळ्या हीटचे (भट्टीतल्या वेगळ्या ओताचे) हवेत. एकाच हीटचे फोटो शिकवणीत आणि चाचणीतही मिसळले की निकाल कागदावर उत्तम येतो आणि लाइनवर कोसळतो. रिजेक्ट माल लगेच भट्टीत टाकू नका, आधी फोटो काढा; खराब नमुने नेहमीच कमी पडतात.

करारात एक अट हवीच: फोटो, खुणा आणि ट्रेनिंगचा कोड कारखान्याकडे राहील. शेवटच्या वर्षाची मुलं उन्हाळ्यात निघून जातात, आणि नवा पॅटर्न (नव्या ओतीव नगाचा नमुना) जुलैत येतो; तेव्हा यंत्रणेला पुन्हा शिकवायला ती नसतात.

शिफ्ट सुरू होताना पाच मास्टर पीस (दोष आहे की नाही ते आधीच माहीत असलेले नग) कॅमेऱ्याखालून फिरवा. एकाचाही निकाल चुकला तर लाइन थांबवून आधी डोम आणि लेन्स पुसा. बहुतेकदा तेलाची वाफच बसलेली असते.

बोअरच्या (नगातल्या गोल भोकाच्या) आतली छिद्रं या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तिथं टॉर्च घेऊन माणूसच लागतो, आणि तो कमी करू नये.