रीबाउंड: सूर्यमालेत कृष्णविवर ठेवून पाहिलं, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी रीबाउंड हे सॉफ्टवेअर जवळजवळ एकाच प्रश्नासाठी वापरतेय. सूर्यमालेत कृष्णविवर आलं तर ग्रहांचं नेमकं काय होईल? मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात असो की आकाशदर्शनाच्या रात्री, हा प्रश्न हटकून येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही ठरलेलं असतं: कृष्णविवर सगळं गिळून टाकतं. फळ्यावर सूत्र मांडलं की मुलं मान डोलावतात, पण मनातलं चित्र बदलत नाही. ते बदलायला रीबाउंडचा फार उपयोग झाला, म्हणून सविस्तर लिहितेय.

हान्नो राइन आणि शांगफेई लिऊ यांनी २०१२ मध्ये हा प्रोग्रॅम जगापुढे आणला. तो मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे आणि संशोधकही हाच वापरतात. तत्त्व साधं आहे: प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, आणि त्या ओढीतून पुढच्या क्षणी कोण कुठे असेल ते प्रोग्रॅम काढत जातो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुजबी येत असली तरी पुरतं. कॉलेजातले संगणक जुने असतील तर गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राऊझरमधूनच पायथन चालवायच्या गूगलच्या सेवेवर चालवा, तिथे छान चालतो. ग्रहाचं नुसतं नाव दिलं की त्याची खरी स्थिती आणि वेग नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स सेवेतून आपोआप येतात. पहिल्याच तासाला सूर्यमाला पडद्यावर फिरायला लागते, ही मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट. एककं मात्र आधीच ठरवून घ्या. काही न सांगितल्यास गुरुत्व स्थिरांक १ धरला जातो आणि पृथ्वीचं एक वर्ष ६.२८ येतं. वर्ष, खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर) आणि सूर्याचं वस्तुमान अशी एककं एका ओळीत लावता येतात.

पहिला प्रयोग सगळ्यांनी करावा. सूर्य काढायचा आणि तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवायचं. गंमत अशी की प्रोग्रॅममध्ये काहीच बदलावं लागत नाही. त्याच्या लेखी सूर्य आधीपासून एक वस्तुमान असलेला बिंदूच आहे. सूर्य दाबून कृष्णविवर केला तर त्याच्या क्षितिजाची, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही त्या सीमेची, त्रिज्या जेमतेम ३ किमी भरेल, पण १५ कोटी किमीवरच्या पृथ्वीला ओढ तेवढीच जाणवेल. कक्षा तीच, वर्ष तेच. बुधाची कक्षा आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते, तेही तसंच राहील. उजेड आणि ऊब जाईल, पृथ्वी गोठेल, पण ती कक्षा सोडणार नाही.

मग मी वस्तुमान एकदम दहापट केलं. निसर्गात असं रातोरात घडत नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात हेच असतं. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किमी. दहापट ओढीसाठी तो कमी पडतो, म्हणून ती आत कोसळायला लागते. वर्गात इथे सगळे श्वास रोखतात. पृथ्वी कृष्णविवरापासून सुमारे ७९ लाख किमीवर पोहोचते, तिथे तिचा वेग सेकंदाला ५६० किमीच्या वर जातो, आणि ती वळसा घालून परत मूळ अंतरावर येते. वर्ष आता ४४ दिवसांचं, कक्षा लांबट, विवृत्तता (लांबटपणाचं माप, वर्तुळासाठी शून्य) ०.९. क्षितिज आहे ३० किमीवर आणि पृथ्वी त्याच्या आसपासही फिरकत नाही. तिच्याकडे बाजूचा वेग आहे, तो कुणी काढून घेतलेला नाही.

याच प्रयोगात जे पुढे दिसलं ते मला स्वतःलाही मोलाचं वाटतं. मूळ कक्षा जवळपास वर्तुळाकार होत्या, म्हणून प्रत्येक ग्रह आता आपल्या आधीच्या अंतराच्या साधारण एकोणिसाव्या हिश्शापर्यंत आत येतो. म्हणजे गुरू बुधाच्या जुन्या कक्षेच्याही आत सूर मारतो, तेही साधारण दर सतरा महिन्यांनी. सगळ्या कक्षा एकमेकींना छेदायला लागतात. ग्रहांना खरा धोका आता ग्रहांपासूनच. कुणाची टक्कर होईल, कुणाला गुरू मालेबाहेर भिरकावेल, हे सुरुवातीच्या स्थितीतल्या किंचित फरकावर ठरतं. पृथ्वी काही मीटर इकडेतिकडे सरकवून पुन्हा चालवलं तरी दीर्घ काळानंतरची गोष्ट वेगळी होते. मुलांना अस्ताव्यस्त गतीचा धडा इथेच मिळाला.

आता मर्यादा, कारण त्या माहीत नसतील तर निष्कर्ष चुकतील. रीबाउंडमधला ग्रह म्हणजे बिंदू. तो ताणला जात नाही, फुटत नाही. भरतीबलाने, म्हणजे ग्रहाच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूवरच्या ओढीतल्या फरकाने, ग्रह फुटण्याचं अंतर, म्हणजे रोश मर्यादा, आपणच काढायची. दहा सूर्यांच्या कृष्णविवराजवळ द्रवासारखी वागणारी पृथ्वी २३ लाख किमीच्या आसपास तुटायला लागेल. वरच्या प्रयोगात ती ७९ लाखांवरून वळते, म्हणून वाचते. मी कृष्णविवराला हीच त्रिज्या देऊन टक्कर-तपासणी चालू ठेवते, म्हणजे ग्रह त्या रेषेच्या आत गेला की लगेच कळतं. सापेक्षतेसाठी रीबाउंडएक्स ही जोड वेगळी घ्यावी लागते. तिच्यातलं गणित दूरच्या कक्षांसाठी उत्तम आहे, क्षितिजाला लागून काय होतं यासाठी नाही. पण ग्रहांच्या बाबतीत हे फारसं आड येत नाही, कारण एवढ्या लहान कृष्णविवराच्या क्षितिजापर्यंत ग्रह अखंड पोहोचतच नाही.

रीबाउंडएक्सवर भरवसा ठेवावा का, याची परीक्षा आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या एस२ या ताऱ्यावर घेतली. हा तारा सुमारे ४३ लाख सूर्यांच्या कृष्णविवराभोवती १६ वर्षांत फेरी मारतो. २०१८ च्या मे महिन्यात तो सुमारे १२० खगोलीय एककांवरून गेला. त्याची कक्षा प्रत्येक फेरीत १२ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास सरकते, असं ग्रॅव्हिटी या खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. सापेक्षता चालू केल्यावर माझ्या पडद्यावरही तेच उत्तर आलं. त्या दिवशी खूप आनंद झाला.

शेजारून जाणारं कृष्णविवर हा प्रकार सगळ्यांत जास्त विचारला जातो. त्यासाठी प्रोग्रॅममधली डब्ल्यूएचफास्ट ही वेगवान पद्धत वापरू नका. ती मध्यभागी एकच भारी वस्तू आहे असं धरून चालते, आणि इथे दुसरी तिच्याहून भारी येतेय. आयएएस१५ घ्या. ती पावलाची लांबी स्वतः बदलते, वेळ जास्त खाते, पण जवळच्या भेटींतही चुकत नाही. दहा सूर्यांचं कृष्णविवर १०० खगोलीय एककांवरून गेलं, तर ते सूर्यालाही ओढतं आणि ग्रहांनाही. ग्रहाची कक्षा बिघडवतो तो या दोन ओढींमधला फरक. सर्वांत जवळच्या क्षणी नेपच्यूनसाठी हा फरक ढोबळ हिशोबाने सूर्याच्या पकडीच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो, पृथ्वीसाठी लाखात दोन भाग. त्यामुळे नेपच्यूनची कक्षा पार विस्कटू शकते आणि त्याच वेळी पृथ्वीच्या कक्षेवर सुरुवातीला ओरखडाही दिसत नाही. हेच कृष्णविवर १००० एककांवरून गेलं तर नेपच्यूनसाठीचा हा फरकही साधारण हजारपट घटतो.

माझ्या मते ग्रहांसाठी खरा घातक क्षण कृष्णविवर जन्मतानाचा असतो. स्फोटात ताऱ्याचं निम्म्याहून जास्त वस्तुमान झटकन उडून गेलं, तर वर्तुळाकार कक्षेतला ग्रह सुटतोच. वीस सूर्यांचा तारा आठवर आणून पाहा, सगळे ग्रह सरळ निघून जातात. ओढ कमी झाल्यामुळे ग्रह गमावले जातात, हे पाहिल्यावर ‘गिळण्याची’ कल्पना मुलं स्वतःहून सोडतात. याचं उत्तर पुस्तकात दोन ओळींत असतं, तरी वस्तुमानाचा आकडा स्वतः बदलून पाहण्याने जे होतं ते वाचनाने होत नाही.

इंग्रजीतच असलेलं माहितीपत्रक हा आपल्याकडच्या मुलांसाठी अडसर आहे. उदाहरणं भरपूर असल्याने निभावतं, पण पहिले काही तास कुणीतरी सोबत बसायला हवं. मी मराठीत टिपणं करून देते. चकचकीत चित्रं हवी असतील तर इथे निराशा होईल: ठिपके आणि रेषा, एवढंच. ब्राऊझरमध्ये फिरवून पाहता येतं ते वर्गाला पुरतं.

सध्या आम्ही गाइया बीएच१ वर काम करतोय. २०२२ मध्ये जाहीर झालेलं हे कृष्णविवर सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर आहे, ९.६ सूर्यांचं, आणि सूर्यासारखा एक तारा १८६ दिवसांत त्याच्याभोवती फिरतो. तिथे एखादा ग्रह असलाच तर तो कुठे टिकेल? आतापर्यंतच्या रनमध्ये ताऱ्याजवळ साधारण दीड कोटी किमीच्या आत, किंवा दोघांनाही वळसा घालून ५ खगोलीय एककांच्या बाहेर. मधल्या पट्ट्यातले ग्रह एकेक करून निघून जातात. फाइल जपून ठेवता येते आणि दुसऱ्या संगणकावर तीच गणना जशीच्या तशी चालते, म्हणून एका मुलीने तिची फाइल मला पाठवलीय: तिने बाहेरच्या ग्रहाची कक्षा तिरकी केलीय, आणि तो ५ एककांच्या थोडा आतही टिकतोय असं तिचं म्हणणं आहे. या आठवड्यात ती गणना जास्त काळ चालवून बघायची आहे.